भावाच्या गोळ्या, २३ किलो आणि शुगर: अँटिसायकोटिक औषधांचे धोके, आणि कायद्याने काही करता येतं का?

शांत_किनारा

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितोच. माझा धाकटा भाऊ, वय २६. साधारण वर्षभरापूर्वी त्याला पहिल्यांदा त्रास झाला, आवाज ऐकू येणं, घरातलेच आपल्यावर पाळत ठेवतायत असं वाटणं, चार चार रात्री डोळ्याला डोळा नाही. ॲडमिट करावं लागलं. निदान स्किझोफ्रेनिया. ओलान्झापीन नावाचं अँटिसायकोटिक (आवाज, भ्रम कमी करणारं औषध) सुरू केलं, आधी १० मग २० मिलिग्रॅम, आणि खरं सांगतो त्या गोळीने आमचा भाऊ आम्हाला परत दिला. आवाज गेले, झोपायला लागला, माझ्याशी भांडायला लागला म्हणजे बघा. तेव्हा मी औषधाच्या विरोधात नाही हे आधीच सांगून ठेवतो.

पण ११ महिन्यांत वजन ६४ चं ८७ झालं. भूक अशी की जेवून उठल्यावर अर्ध्या तासात परत काहीतरी शोधतो, आणि आम्ही त्याला टोकायचो, ताबा ठेव म्हणायचो, आता त्याची लाज वाटते. मागच्या महिन्यात सारखी तहान आणि रात्री सहा सहा वेळा लघवीला उठणं सुरू झालं म्हणून आम्हीच रक्त तपासून घेतलं तर उपाशीपोटी साखर २१८. घरात कुणालाही डायबेटिस नाही. दर महिन्याला फॉलोअपला जात होतो आणि त्या अकरा महिन्यांत त्याला एकदाही वजनकाट्यावर उभं केलं नाही, एकदाही शुगर तपासायला सांगितली नाही, असा धोका असतो हे कुणी बोललंसुद्धा नाही. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तर म्हणाले, "मग काय, परत आवाज ऐकू यायला हवेत का त्याला?" मी गप्प बसलो.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. हे औषधामुळेच झालं असं म्हणता येतं का. आणि कायद्याने काही करता येतं का, कंपनीवर किंवा डॉक्टरवर, की "साइड इफेक्ट असतातच" म्हणून सोडून द्यायचं?

जुनी_वही

मी मनोरुग्ण वॉर्डात नर्स म्हणून २२ वर्षं काम केलंय. कायद्याचं नंतर, आधी दोन गोष्टी. एक, २१८ घेऊन बसू नका, या आठवड्यातच फिजिशियनला दाखवा, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातलं कोलेस्टेरॉल, चरबी) करून घ्या. तहान लघवी सोबत उलट्या, पोटात दुखणं, गुंगी असं काही झालं तर सरळ कॅज्युअल्टी. दोन, ओलान्झापीन स्वतःच्या मनाने बंद करू नका, अर्धी पण करू नका. बदलायचं झालं तर नवीन औषध हळूहळू वाढवत आणि जुनं हळूहळू कमी करत जातात, आणि ते सायकॅट्रिस्टनेच करायचं.

आता तुमचा प्रश्न. औषधामुळे होतं का? होतं, आणि यात काही गुपित नाहीये. वजन आणि शुगर या बाबतीत ओलान्झापीन आणि क्लोझापीन ही दोन सगळ्यात वाईट, क्वेटियापीन आणि रिस्पेरिडोन मध्ये कुठेतरी, अरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन त्यामानाने बरी. मेंदूतले हिस्टामीन आणि सेरोटोनिनचे काही रिसेप्टर ही औषधं अडवतात, त्यामुळे पोट भरल्याचा निरोपच नीट पोचत नाही. तुमच्या भावाची ती भूक म्हणजे हावरटपणा नाही हो. काही पेशंटची शुगर तर वजन फारसं न वाढताही बिघडते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००३ मध्येच या सगळ्या नवीन पिढीच्या औषधांच्या माहितीपत्रकात हाय शुगर आणि डायबेटिसचा इशारा टाकायला लावला. २००४ मध्ये तिथल्या डायबेटिसच्या आणि सायकिॲट्रीच्या संघटनांनी मिळून वेळापत्रकच काढलं: औषध सुरू करताना वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी शुगर, लिपिड. मग वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी. शुगर, बीपी, लिपिड १२ आठवड्यांनी परत. पुढे शुगर निदान वर्षातून एकदा. अकरा महिन्यांत एकदाही नाही ही चूकच आहे, मी त्याच खात्यातली असून सांगते.

आणि "आवाज हवेत का" हे उत्तर मी पण पुष्कळ ऐकलंय. पेशंटला आवाज पण नकोत आणि डायबेटिस पण नको, यात चुकीचं काय मागतोय तो?

चांदणवेल

मी स्वतः पेशंट आहे, बायपोलर, १४ वर्षं झाली. शुगरवर बोलणारे भेटतील, मला वेगळ्या त्रासाबद्दल लिहायचंय कारण तो दिसतो पण कुणाला कळत नाही.

हॅलोपेरिडॉल (जुन्या पिढीचं अँटिसायकोटिक) सुरू केल्यावर तिसऱ्या चौथ्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. कसं सांगू, अंगाच्या आतून कुणीतरी ढकलतंय, उठ, चाल, उठ, आणि चाललं तरी बरं वाटत नाही, मी रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालायचे, जीव नकोसा झाला होता अगदी शब्दशः. घरच्यांनी सांगितलं ही जास्त अस्वस्थ आहे, आणि डॉक्टरांनी आजार वाढला समजून डोस वाढवला. अजून वाईट झालं. नाईट ड्युटीच्या एका ज्युनियर डॉक्टरने विचारलं, "मन अस्वस्थ आहे की पाय?" त्या एका प्रश्नावर मला रडू आलं. अकाथिसिया. डोस कमी केला, प्रोप्रानोलॉल दिलं, चार दिवसांत माणसात आले.

काही वर्षांनी दुसरं औषध असताना जबडा आणि जीभ आपोआप हलायला लागली. मला कळतच नव्हतं, बहिणीने व्हिडिओ काढून दाखवला. टार्डिव्ह डिस्कायनेशिया. हे औषध बंद केल्यावरही राहू शकतं, काहींचं कायमचं. जुन्या पिढीच्या औषधांवर मोठ्या माणसांत दर वर्षी साधारण शंभरातल्या पाच जणांना होतं, नवीन औषधांवर कमी, पण शून्य नाही, आणि म्हाताऱ्या माणसांत कितीतरी जास्त. त्यावर औषधं आलीत आता, व्हॅलबेनाझीन आणि ड्यूटेट्राबेनाझीन, दोन्हीला २०१७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण लवकर पकडणं महत्त्वाचं. तपासणी दहा मिनिटांची असते, चेहरा, जीभ, बोटं, पाय बघून गुण देतात, एआयएमएस म्हणतात. चौदा वर्षांत माझी दोनदा झाली.

अजूनही गोळ्या घेते आणि घेणार. फक्त मला आधी सांगायला हवं होतं की असं होऊ शकतं, म्हणजे ती रात्र मी वेडी होतेय असं समजून काढली नसती.

स्पष्ट_बोलणारा

सगळा कंपन्यांचा धंदा आहे. धोके त्यांना माहीत होते, दाबून ठेवले, कोर्टात दंड भरले आणि विक्री चालूच. ताई तुम्ही पण आणि किनारा तुमचा भाऊ पण, गोळ्या बंद करा, शरीर आपोआप सावरतं. माझ्या ओळखीत एकाने सगळं एका दिवसात सोडलं, मस्त आहे.

जुनी_वही

स्पष्ट_बोलणारा, कंपन्यांबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे पण शेवटचा सल्ला धोकादायक आहे म्हणून लगेच लिहितेय, वाचणाऱ्यांनी कृपया ऐकू नका. अचानक बंद केल्यावर आधीपेक्षा जोरात आजार उसळलेले पेशंट मी स्वतः सांभाळलेत, क्लोझापीनच्या बाबतीत तर काही दिवसांतच. फिनलंडमध्ये ११ वर्षांच्या राष्ट्रीय नोंदींवरून केलेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला, त्यात स्किझोफ्रेनियाच्या पेशंटमध्ये दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा कमी निघालं, आणि सगळ्यात कमी क्लोझापीनवर. तेच क्लोझापीन ज्याने १९७५ मध्ये फिनलंडमध्येच पांढऱ्या पेशी एकदम घसरून माणसं दगावली होती! मग ते परत आलं कसं? १९८९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती दर आठवड्याला रक्त तपासायच्या अटीवर. धोका तोच, औषध तेच, पण नजर ठेवली म्हणून माणसं वाचली. माझं म्हणणं एवढंच आहे, नजर ठेवा.

आणि विषय निघालाय तर, यातलं कुठलंही औषध चालू असताना जोराचा ताप, अंग लाकडासारखं कडक, आणि माणूस भ्रमिष्टासारखा बोलतोय असं झालं तर सकाळची वाट बघू नका. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतो, क्वचित होतो पण जीव जातो. क्लोझापीनवाल्यांनी ताप आणि घसा दुखणं याला साधं समजू नका, आणि बद्धकोष्ठताही अंगावर काढू नका, आतडं बंद पडून मृत्यू झालेत.

आजीची_सोनू

माझी आजी डिमेन्शियाची पेशंट होती. संध्याकाळ झाली की घरी जायचंय म्हणून दार ठोठावायची. केअर होममध्ये तिला शांत राहायला म्हणून रिस्पेरिडोन सुरू केलं, आम्हाला सांगितलं "झोपेची हलकी गोळी आहे". दोन महिन्यांत न्यूमोनियाने गेली. नंतर वाचलं की २००५ पासून अमेरिकेत या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा आहे, डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो म्हणून. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आमची काही केस होऊ शकते का?

वकिली_चष्मा

सगळं वाचलं. मी वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेस बघते. हा सल्ला नाही, आधी चित्र नीट समजावं म्हणून लिहितेय, आणि कायदा प्रत्येक देशात वेगळा हे डोक्यात ठेवा.

कंपनीविरुद्धच्या केसेस मुख्यतः अमेरिकेत झाल्या. त्यातही दोन प्रकार, लोक नेहमी एकत्र करतात. एक म्हणजे सरकारने केलेली कारवाई. ज्यासाठी मंजुरीच नाही अशा वापरासाठी औषध खपवलं, हा मुख्य आरोप. ओलान्झापीनच्या मूळ कंपनीने, एली लिलीने, २००९ मध्ये गुन्हा कबूल करून १४१.५ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, आणि सोनू, तो वापर डिमेन्शियाच्या वृद्धांमधलाच होता. क्वेटियापीनसाठी ॲस्ट्राझेनेकाने २०१० मध्ये ५२ कोटी, रिस्पेरिडोन आणि आणखी दोन औषधांसाठी जॉन्सन अँड जॉन्सनने २०१३ मध्ये २२० कोटींहून जास्त. यातला पैसा सरकारकडे जातो, पेशंटच्या हातात नाही.

दुसरा प्रकार पेशंटनी स्वतः लावलेले दावे, "धोका माहीत होता तरी पुरेसा इशारा दिला नाही". ओलान्झापीन आणि डायबेटिसवरून लिलीने २००५ मध्ये साधारण ८,००० दावे ६९ कोटी डॉलरच्या तडजोडीत मिटवले आणि २००७ मध्ये आणखी १८,००० च्या आसपास. हे वाचून आशा वाटते, पण मुख्य मुद्दा तारखांचा आहे. ते दावे इशारा छापला जाण्याआधी औषध घेतलेल्यांचे होते. आज इशारा छापील आहे, मग कंपनी म्हणते आम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं, आणि कोर्ट बहुतेक ते मान्य करतं. त्यात गोळी जेनेरिक असेल तर अमेरिकेत २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने इशाऱ्यावरून जेनेरिक कंपनीला ओढायची वाट जवळजवळ बंदच केली.

म्हणून किनारा, तुमच्या बाबतीत प्रश्न कंपनीकडे कमी आणि उपचार करणाऱ्याकडे जास्त येतो. तिथे चार गोष्टी लागतात: डॉक्टरची जबाबदारी होती, ती पाळली नाही, त्यामुळेच नुकसान झालं, आणि नुकसान खरंच झालं. साइड इफेक्ट झाला ही निष्काळजीपणाची केस नाही, साइड इफेक्ट चांगल्यात चांगल्या डॉक्टरच्या हातून पण होतो. सांगितलं नाही आणि तपासलं नाही, ही केस आहे. सांगण्याबद्दल ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ च्या मॉन्टगोमेरी निकालात म्हटलं की त्या पेशंटच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगायलाच हवा. भारतात संमतीबद्दल २००८ चा समीरा कोहली निकाल आहे, आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर सरळ म्हणतो की पेशंटला आजार, उपचार आणि उपचाराचे माहीत असलेले साइड इफेक्ट कळण्याचा हक्क आहे, स्वतःचे मेडिकल रेकॉर्ड मिळण्याचा हक्क आहे, सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रारीचा हक्क आहे, आधी संस्थेच्या प्रमुखाकडे आणि समाधान नाही झालं तर मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाकडे. मोफत कायदेशीर मदत पण त्यातच आहे. ग्राहक आयोगात जायचं तर मुदत दोन वर्षं, म्हणून तारखा सांभाळा.

सगळ्यात कठीण तिसरी गोष्ट, "त्यामुळेच". समोरचा वकील म्हणणार की स्किझोफ्रेनियाच्या पेशंटमध्ये डायबेटिस तसाही जास्त असतो, आणि ते खरं आहे. तिथे सुरुवातीचा रिपोर्ट कामाला येतो. ॲडमिट असताना केलेल्या रक्ततपासणीत शुगर असेलच, ती नॉर्मल निघाली तर तुमची बाजू एकदम भक्कम होते. त्यामुळे आज कुणाशी न भांडता लेखी अर्ज देऊन संपूर्ण रेकॉर्ड मागा, केस पेपर, नर्सिंग नोट्स, संमतीचा फॉर्म, लॅब रिपोर्ट, नुसती डिस्चार्ज समरी नाही. भांडण झाल्यावर मागितलेले कागद उशिरा मिळतात.

सोनू, तुम्हाला खोटी आशा देणार नाही. त्या इशाऱ्यामागच्या १७ चाचण्यांमध्ये साधारण १० आठवड्यांत औषधावर ४.५ टक्के आणि औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर २.६ टक्के मृत्यू होते. धोका वाढतो हे पक्कं, पण तुमच्या आजीचा न्यूमोनिया औषधामुळेच झाला हे एका केसमध्ये दाखवणं फार अवघड. "झोपेची गोळी" सांगून दिलं ही बाब मात्र वेगळी उभी राहते, ती संमतीची आहे, आणि त्याची लेखी तक्रार नियामक मंडळाकडे करता येते. पैसे कदाचित मिळणार नाहीत. नोंद राहील, आणि त्या केअर होममधल्या पुढच्या आजीला उपयोग होईल.

एक विचारायचं राहिलं. किनारा, भावाला विचारलंत का हे सगळं?

बाबा_४८

माझ्या मुलाला १३ व्या वर्षी रिस्पेरिडोन दिलं, चिडचिड आणि मारामारीसाठी. वर्षभरात छाती वाढायला लागली, मुलींसारखी. शाळेत शर्ट काढायची वेळ आली की आजारी पडायचा, आम्हाला कळायला सहा महिने लागले. या औषधाने प्रोलॅक्टिन, म्हणजे बाईच्या अंगात दूध आणणारं हार्मोन, वाढतं म्हणे. औषध बदललं, प्रोलॅक्टिन खाली आलं, पण वाढलेली गाठ गेली नाही, शेवटी ऑपरेशन. अमेरिकेत याच कारणावरून एका ज्युरीने २०१९ मध्ये ८०० कोटी डॉलर दंड ठोठावला असं वाचून मी पण पेटून उठलो होतो.

वकिली_चष्मा

बाबा, तोच आकडा काही महिन्यांत न्यायाधीशांनी ६८ लाख डॉलरवर आणला, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत वाढ पहिल्यांदा कधी सांगितली आणि प्रोलॅक्टिन कधी तपासलं, या दोन तारखांमधलं अंतर बघा. आणि बऱ्याच देशांत अल्पवयीनांसाठी मुदत सज्ञान झाल्यावर मोजायला सुरुवात होते, म्हणून उशीर झाला असं आधीच ठरवू नका.

कोरा_कागद

फक्त वाचत होतो, एक भर घालतो. अरिपिप्राझोलवर माझ्या बायकोला ऑनलाइन जुगाराचा नाद लागला, आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेली बाई. आम्ही स्वभावाला दोष दिला, माहेरपर्यंत गेलं प्रकरण. २०१६ मध्ये एफडीएने हाच इशारा दिलाय, जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक इच्छा यावरचा ताबा सुटू शकतो म्हणून. औषध बदलल्यावर तीन आठवड्यांत नाद गेला. घरच्यांनो, माणूस अचानक बदलला तर आधी गोळीची चिठ्ठी बघा.

शांत_किनारा

दहा दिवसांनी लिहितोय, माफ करा. फिजिशियनने मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) सुरू केलंय, एचबीए१सी ८.९ निघालं. दुसऱ्या सायकॅट्रिस्टना दाखवलं, त्यांनी पहिल्याच भेटीत वजन केलं, कंबर मोजली, जीभ बाहेर काढायला लावली (चांदणवेल, तुमची आठवण झाली). अरिपिप्राझोलकडे हळूहळू नेतायत, कोरा_कागद यांचं वाचल्यामुळे आम्ही तिघांनी त्यावर पण बोलून घेतलं. स्पष्ट_बोलणारा, राग नाही, पण बंद करणार नाही. रेकॉर्ड मिळाले. ॲडमिट होतानाची शुगर ९१, म्हणजे नॉर्मल.

वकिली_चष्मा, तुमचा शेवटचा प्रश्न टोचला. विचारलंच नव्हतं. मी, आई, बाबा आम्हीच ठरवत होतो, तो पलीकडच्या खोलीत. काल त्याला हा सगळा धागा वाचायला दिला. शांतपणे वाचला, तासभर लागला. मग म्हणाला दोन चुका आहेत. वजन ८७ नाही ८८. आणि तहान लागते हे त्याने डॉक्टरांना दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, दोन वेळा, दोन्ही वेळा मी शेजारीच बसलो होतो. डॉक्टर म्हणाले होते पाणी पिणं चांगलंच आहे. मला काहीही आठवत नाही. तो बोलतो तेव्हा मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत असतो, हे त्यानेच मला सांगितलं.

वकिली_चष्मा

हे त्याच्याकडून लिहून घ्या, त्याच्याच अक्षरात, तारखांसकट, त्याच्याच शब्दांत. तुम्ही सुधारू नका. तक्रार त्याची आहे आणि आतापर्यंत या धाग्यावर आलेला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा पण त्याचाच आहे. मग त्या दोन तारखांच्या केस पेपरवर काय लिहिलंय ते बघा.

शांत_किनारा

बघितलं. पहिल्या तारखेला "तक्रार नाही" लिहिलंय. दुसऱ्या तारखेला "पाणी जास्त पितो", पुढे काहीच नाही.

तो लिहायला बसलाय. पेन हातात धरल्यावर बोटं थोडी थरथरतात, ते पण लिहू का विचारतोय. मी म्हटलं लिही.